अकोटच्या पुढे सोडलेल्या माश्या

अंजनगाव सुर्जीहून सकाळच्या बसने अकोल्याला निघाले. नवरा गेल्यापासून फवारणीचा पंप माझ्या पाठीला पेलत नाही, आणि पऱ्हाटीला (कपाशीला) फुलं लागली होती. गुलाबी बोंडअळी आली की पीक गेलं. अकोल्यात अळीवरच्या माश्या कार्डावर मिळतात, असं ऐकलं होतं.

कार्ड पोस्टकार्डापेक्षा लहान निघालं. वर खसखशीसारखे काळे ठिपके. देणारी मुलगी म्हणाली, "आजी, ठिपक्यांत बारीक गांधीलमाश्या आहेत. त्या बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात. मग त्यातून अळी निघत नाही, माशी निघते. फवारा मात्र मारू नका, मरतील."

माशीचं नाव इतकं लांब की तोंडात बसलं नाही. आई अंडं घालून निघून जाते, पोरं तिला पाहतही नाहीत. मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

परतताना अकोटला भजी खाल्ली. बरी नव्हती. शेजारच्या रिकाम्या सीटवर कार्डाची पिशवी ठेवली. अकोटच्या बाहेर बस बंद पडली. ऊन पिशवीवरच येत होतं. मागची बाई ओरडली, "माय, तुमच्या पिशवीले मुंग्या लागल्या!"

"मुंग्या नाई वं, माश्या हायेत. लई घाई त्याईले."

उन्हाने वेळेआधीच निघालेल्या, धुळीच्या कणाएवढ्या माश्या कार्डावर चालत होत्या. घरी नेईपर्यंत मेल्या असत्या. रस्त्यालगत पऱ्हाटी होती. धुऱ्यावर (बांधावर) माझ्याच वयाची एक बाई पंपात औषध ओतत होती. मी उतरले.

"बाई, फवारू नका."

"काहून? वावर (शेत) तुमचं हाय काय?"

"नाई. माश्या माह्या हायेत."

मी सगळं सांगितलं. ती हसली. "अन् अळी आली त मंग?"

"त मले शिव्या द्या. नंबर घ्या माहा."

तिने पंप बाजूला ठेवला. कार्डाचे तुकडे करून आम्ही दोघींनी पानांच्या खाली टाचले. माझ्या वावरासाठी एकही तुकडा उरला नाही.

दुसरी बस अंधार पडता पडता आली. घरी कुलूप उघडलं. माश्या कुठे आहेत, हे विचारायला कोणी नव्हतं.

पुन्हा अकोल्याला जावं लागणार. काल त्या धुऱ्यावरच्या बाईचा फोन आला. "अजून फवारलं नाई," एवढंच म्हणाली. मी बरं म्हटलं. पण फोन कोणीच ठेवला नाही.