टिपकागदावरचे दोन थेंब

स्वतःच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून दाखवायची आणि समोरच्याला म्हणायचं, "तुमी बी असं करा." आतली लाली किती ते बघून झालं की मगच "बसा". पोलीस पाटील असो की सरपण विकणारी बाई. त्या काळी तुम्ही आमच्या दवाखान्यात आला असता, तर तुमचीही सुटका नव्हती.

निजामाचं राज्य होतं. ही पद्धत ज्यांची, ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर, आणि मी उर्दूत रुग्णांच्या नोंदी लिहायचो. सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही.

डॉक्टरांनी विलायतेहून एक छोटी वही मागवली होती. तिच्यात टिपकागदाची पानं आणि फिक्या गुलाबीपासून गडद लालपर्यंत दहा पट्ट्या. बोटाला सुई टोचून थेंब टिपकागदावर घ्यायचा, ओली चकाकी गेली की दारातल्या उजेडात पट्ट्यांशी ताडून बघायचा. जी पट्टी जुळेल तिचा आकडा चाचा मला सांगत. शंभर म्हणजे निरोगी.

लोकांना आकडा कळत नसे. "चाळीस? मग बाकीचं रक्त गेलं कुटं?" एका शेतकऱ्यानं घाबरून विचारलं होतं.

"रक्त हाय तितकंच हाय," चाचा म्हणाले. "त्यातला रंग उतरलाय. त्यो रंगच छातीतली हवा अंगभर नेतो. म्हनून तुमाला चढावर दम लागतो." मग लोखंडाचं औषध देऊन बजावलं, "म्हैनाभर घ्या, परत या. रंग चढला का बगू."

एका सकाळी ते वही घेऊन घरी गेले. बायकोला आठवा महिना होता, आणि पाणी भरताना ती भिंत धरून खाली बसली होती. पडद्यात राहणारी बाई. दवाखान्याची पायरी तिनं कधी चढली नव्हती. चाचा परत आले आणि तीन कागद माझ्यापुढे ठेवले. खात्रीसाठी तिचं बोट तीनदा टोचलं होतं; तिन्ही ठिपके सारखेच फिके.

"काय लिहू?"

"तीस लिवा." मग वही मिटत म्हणाले, "बारा वर्सं तिच्या हातची भाकर खाल्ली, मुन्शीजी. तिचा डोळा कदी बगितला न्हाई."

औषध त्याच दिवशी सुरू झालं. पण ते लागू पडायला महिना जातो, आणि बाळंतपण वीस दिवसांत आलं. फार रक्त गेलं असंही नाही, दाई सांगत होती. दुसरी बाई एवढ्यातून उठून बसली असती. ती उठली नाही. मूल संध्याकाळपर्यंतच राहिलं.

चौथ्या दिवशी चाचा कामावर आले. रजिस्टरात तिच्या नावापुढचा शेवटचा, रुग्णाचं पुढं काय झालं तो रकाना मी रिकामा ठेवला होता. त्यांनी माझ्या हातातून कलम घेतलं आणि तो स्वतः भरला.

त्यानंतर दर जुम्म्याला, सुटीच्या दिवशी, नमाज झाली की ते तट्टावर बसून गावोगाव जाऊ लागले. कधी मीही सोबत असे. दाराआडून, पडद्याआडून बायका नुसतं बोट बाहेर काढत.

उमापूरची एक सासू ऐकेना. "धडधाकट हाय ती. कावून टोचता?"

चाचांनी सुनेचा थेंब घेतला. मग दुसरी सुई स्वतःच्या बोटात टोचली आणि आपला थेंब शेजारी ठेवला. "ह्यो माजा, ह्यो तुमच्या सुनंचा. तुमीच बगा."

म्हातारीनं कागद उजेडात धरला. "लईच फिका हाय की," ती हळूच म्हणाली. मग सुनेकडे न बघता, "उद्यापास्नं पान्याला मी जाईन."

पुढं चाचा प्रत्येक घरी तसंच करत. टोचून टोचून त्यांच्या डाव्या हाताची बोटं निबर झाली.

मग प्लेग आला. माणसं रानात झोपड्या घालून राहिली. चाचा दवाखान्यातच थांबले. काखेत गाठ उठल्यावर त्यांनी मला आत येऊ दिलं नाही. "लांब ऱ्हावा, मुन्शीजी," खिडकीतून म्हणाले. पाचव्या दिवशी ते गेले.

साथ ओसरल्यावर एक बाई काखेत लेकरू घेऊन आली. उमापूरची तीच सून. नव्या कंपाउंडरनं विचारलं, "काय होतंय?"

"कायबी न्हाई. चाचांना लेकरू दावायला आनलंय."

काय झालं ते मी तिला सांगितलं. ओसरीवर बसून तिनं लेकराला पाजलं, त्याचं टोपरं नीट बांधलं आणि विचारलं, "त्यांची कबर कुनीकडं हाय?"

मी नदीकडची वाट दाखवली. लेकराच्या तोंडावर पदर धरून ती उन्हातून तिकडे निघाली.