ठाणावरचा घोडा

"घोडा ठाण सोडत नाई, भाऊ. घोडीलेच यावं लागते." खाटेवर बसून पाय हलवत म्हातारा हे असे सांगायचा, की जणू आपणच तो घोडा आहोत.

अहेरीला त्याच्या तबेल्यात एकच घोडा होता. अंडील, म्हणजे खच्ची न केलेला, घोड्या फळवण्यासाठी राखलेला. गुरांच्या डॉक्टरने कधीतरी त्याला सांगितले, की अशा घोड्याला इंग्रजीत स्टॅलियन म्हणतात, आणि तो शब्द मुळात तबेल्यातल्या ठाणावरून आला. कारण असा घोडा मोकळा सोडत नसत, ठाणावरच बांधून ठेवत. झाले! त्या दिवसापासून बाजाराला आलेल्या कुणाचीही सुटका नव्हती. "इंग्रजालेबी ठाऊक होतं!" असे म्हणून मिशीवर हात.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. एवढीशी गोष्ट कळते आणि तीच जन्मभर पुरवतात.

माझा धंदा वरातीच्या घोड्यांचा. एका पांढऱ्या घोडीवर मी हा धंदा उभा केला. ती आता उतरणीला लागली होती, तिचे एक तरी शिंगरू मला हवे होते. ती माजावर आली आणि नेमका तेव्हाच तिचा पाय दुखावला. मी म्हाताऱ्याकडे टेम्पो पाठवला. टेम्पो रिकामा परत आला.

"घोडा काऊन नाई पाठवला?" मी फोनवर ओरडलो.

"ठाण सुटलं का बिथरते तो. पाय बरा झाला का आन तिले."

"तवरिक माज जाईल ना!"

"मंग पुढच्या खेपेले."

माज गेला. घोड्याच्या नावाखाली स्वतःचाच तोरा मिरवणारा माणूस! मी पुन्हा त्याचे तोंड पाहिले नाही.

यंदा तो गेला. पोराचा फोन आला, "भाऊ, घोडा घेऊन जा. अब्बांच्या मागं कोणाले आवरत नाई." घोडीचा पाय कधीच बरा झाला होता आणि ती पुन्हा माजावर होती. मी खुशीत गेलो, घासाघीस करून माझ्याच भावात सौदा केला आणि लगाम ओढला.

घोडा उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. चणे दाखवले, शिव्या दिल्या. तो पाय रोवून नुसता थरथरत राहिला. शेवटी मागे सरून आपल्या ठाणावर जाऊन उभा राहिला.

मी घरी फोन लावला. "घोडी टेम्पोत चढवा."

"कुठी आनू?"

"इथी. अहेरीले."

पोरगा खाली मान घालून हसला. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की मी म्हाताऱ्याच्या खाटेवर बसलो आहे आणि पाय हलवतो आहे.