गेज ओके होतं

"गेज बसलं ना? मग तुह्या पोटात काहून दुखून राहिलं?" प्रॉडक्शन मॅनेजर गिरडकरसाहेब म्हणाले.

गेज, म्हणजे साइज तपासायचं कडं, बसलं होतं, हे खरं. माझ्या हातात तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसच्या पाइपलाइनचा निपल होता, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला लोखंडी तुकडा. हिंगणा रोडवरच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. आट्यांना आमच्याकडे चुडी म्हणतात. चुडीच्या दातांवर मी मापाचं दातेरी पातं ठेवलं आणि निपल खिडकीकडे धरला. पातं आणि दात यांच्यामधून उजेड दिसत होता. दिसायला नको होता.

चुडीची दोन मापं समजली की पुरे. एक पिच, म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचं अंतर. दुसरं कोन, म्हणजे दोन दातांमधली घळ किती उघडी. पाइपची ब्रिटिश चुडी पंचावन्न अंशांची, अमेरिकन साठची. अर्ध्या इंचाच्या पाइपला मात्र दोन्हींत इंचामागे चौदाच दात. त्यामुळे एक दुसरीत फिरते, घट्टही लागते. पण दातांच्या बाजू एकमेकींवर पूर्ण टेकत नाहीत. ही निमुळती चुडी. तेल अडवायचं काम दातांनीच करायचं. जिथं टेकत नाहीत तिथून तेल वाट काढतं.

सीएनसी लेथवर चुडी एका घावात होत नाही. इन्सर्ट नावाचं टोकदार टूल त्याच घळीतून पुन्हा पुन्हा जातं, दर वेळी जरा खोल. इन्सर्टचा जो कोन, तोच चुडीचा. आमच्याकडे या ऑर्डरला लागणारे पंचावन्नचे इन्सर्ट संपले होते. नवे येईपर्यंत डिस्पॅच थांबवायचं नव्हतं. पिच तर तोच आहे, असं म्हणून गिरडकरसाहेबांनी मशीन लावून देणाऱ्या सेटर प्रमोदभाऊंना साठचा लावायला सांगितलं. पहिल्या पीसवर रिंग गेज बसेना, तेव्हा बसेपर्यंत खोली वाढवत नेली. रिंग गेज साइज सांगतं. कोन सांगत नाही.

"साहेब, लॉट रिजेक्ट आहे," मी म्हणालो.

"कस्टमरनं काय मागतलं? गेज. गेज ओके. ते टेफ्लॉन टेपचे दोन वेढे जास्त मारतीन."

"टेफ्लॉन नळाला चालतं. इथं दीडशे बारचं प्रेशर आहे."

"तू गेटवर पत्रकं वाटतोस ना? हे तिथं छाप. इथं माल काढ."

वाटतो मी युनियनची पत्रकं. लपवलेलं नाही. मी पास करायला नकार दिला, तर साहेबांनी स्वतः पास केला. प्रमोदभाऊ मशीन पुसत राहिले. "मले नोको बोलू गा," एवढंच म्हणाले. "मी नाही लावला असता त दुसऱ्यानं लावला असता." खरं होतं तेही.

माल जवळच्याच वाडी गावातल्या एका प्रेस शॉपला गेला. मी वाडीतच भाड्याच्या खोलीत राहतो. शेजारच्या शीलाताई, मूळच्या कुहीकडच्या, त्याच शॉपमध्ये प्रेस चालवायच्या. त्यांना गाठून सांगितलं.

"ताई, नव्या निपलपाशी तेल दिसलं की मशीन बंद करा. हात लावू नका."

"बंद केली त सुपरवायझर माही आरती ओवाळते काय?" त्या हसल्या. "तेल त रोजच गळून राहते गा. बोट फिरवलं की समजते कुठून येते ते."

हीच रीत आहे, प्रत्येक शॉपमध्ये. गळती बोटानं शोधायची. शिकवणारा असंच शिकवतो, कारण त्यालाही कुणी असंच शिकवलं. पण प्रेशरखालच्या तेलाची बारीक धार डोळ्यांना दिसत नाही. ती सुईसारखी कातडीत शिरते आणि आत पसरते.

शीलाताईंनीही नव्या निपलपाशी बोट फिरवलं. फक्त टोचल्यासारखं वाटलं. रक्ताचा एक ठिपका. शॉपनं जवळच्या दवाखान्यात पाठवलं, तिथं धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी जा म्हटलं. रात्रीत हात कोपरापर्यंत सुजला. मोठ्या दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली.

मग चौकशी. निपल परत आले, तपासले गेले. कशानं? त्याच रिंग गेजनं. ओके. निष्कर्ष निघाला की ऑपरेटरनं चालू मशीनला हात लावला. मी पातं आणि निपल घेऊन सरकारी ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी दोन्ही उजेडाकडे धरलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. "यात नेमकं काय पाहायचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "पण गेज तर ओके आहे ना?"

शीलाताईंना भेटायला गेलो तेव्हा त्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, "तू सांगतलं होतं गा. मीच नाही आयकलं. माहीच चुकी." ज्यांची चूक होती त्यांच्यापैकी एकानंही हे वाक्य तोवर उच्चारलं नव्हतं. मी वाद घातला, कोन, इन्सर्ट सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली, आणि आता डाव्या हातानं कोणतं काम मिळेल, ते विचारलं. ते मला अजूनही माहीत नाही.

आमच्या शॉपमध्ये पंचावन्नचे इन्सर्ट आले. साठनं कापलेला उरलेला मालही गेला, दुसऱ्या कस्टमरला.

प्रेसवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: पिच जुळला म्हणजे चुडी जुळली असं नाही, आणि हे तुम्हाला कुणी सांगणार नाही. गळती दिसली की मशीन बंद. बंद करू देत नसतील तर लांबून पुठ्ठा फिरवा, धार त्यावर उमटते; हात नाही. पुठ्ठा फुकट मिळतो. वाडीत प्रत्येक गोडाउनबाहेर त्याचा ढीग पडलेला असतो.