गिरजामामीची सावित्री

फोन आला तेव्हा गिरणीवर ज्वारीचं दळण चालू होतं. आवाजात काही कळेना म्हणून मी "मोठ्यानं बोला" असं ओरडले, आणि पलीकडून कमळाबाईनं तितक्याच मोठ्यानं सांगितलं, "गिरजा गेली व. सकाळी उठलीच नाही." मी हातातलं दळण पुरं केलं, गिरणी बंद केली आणि आदिलाबादहून मामीच्या गावाची, बेल्याकडची बस धरली. मामी असती तर तिनंही आधी दळणच पुरं केलं असतं. याला आता महिना होत आला. लोक विचारतात, कशी होती तुझी मामी? गेलेल्या माणसाला प्रेमळ म्हणायची पद्धत आहे. मामी प्रेमळ नव्हती.

ती माझ्या सख्ख्या मामाची बायको. आई लवकर गेल्यामुळे माझं माहेर म्हणजे तिचंच घर. कमळाबाई तिची थोरली जाऊ, भिंतीला भिंत लागून राहणारी. मामीचं शिक्षण हद्दीपलीकडे, महाराष्ट्रातल्या मराठी शाळेत झालेलं, त्यामुळे गावात पोथी वाचायची ती मामीनंच. बाकीच्या सुना तेलुगू शाळेतल्या. हिंदीच्या तासामुळे त्यांना अक्षरं ओळखता येत, पण त्या अडखळत, आणि अडखळत वाचलेली कथा लागू होत नाही असं कमळाबाईचं ठाम मत होतं.

पोथीतल्या बायकांबद्दल मामी शेजारणींबद्दल बोलावं तशी बोलायची. सीतेनं धरणीकडे जागा मागितली आणि ती लगेच मिळाली, तेव्हा मागताना आपल्या तोंडून काय निघतंय ते बघावं. द्रौपदीनं देवाला हाक मारली खरी, पण त्याआधी भरल्या सभेला जाब विचारला. आपणही तोच क्रम ठेवावा. आणि सावित्री तर तिची खास. "थे रडत नाही बसली," मामी मला सांगायची, "यमाच्या मांगं चालत गेली अन् बोलत राह्यली. बोलणं तुटू देल्लं नाही, म्हणून त्याले थांबा लागलं." प्रार्थना म्हणजे मामीच्या लेखी एवढंच... समोरच्याला बोलण्यात अडकवून ठेवायचं.

मामा दवाखान्यात शेवटचा पडला तेव्हा तिनं हेच केलं. खाटेजवळ बसून ती बोलत राहिली. कापसाचं, बैलांचं, माझ्या लग्नात मामा कुणाशी भांडला त्याचं. मामा शुद्धीवर नव्हता. नर्सबाईंनी दोनदा हटकलं, तरी ती थांबली नाही. मी तिथंच होते. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज पार बसला, तेव्हा मीच म्हटलं, खाली जाऊन घोटभर चहा पिऊन ये. ती गेली आणि तेवढ्यात मामा गेला. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच हात टेकले होते, त्यामुळे चहाचा आणि मरणाचा काही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. मामीलाही कळत असावं. पण कमळाबाईनं तेराव्याला, पंगत बसलेली असताना, वाढता वाढता म्हटलं, "सावित्री काई चहा पेयाले उठली नोती." दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. मामी त्यांना वरण वाढत पुढे गेली.

पुढच्या वटपौर्णिमेला प्रश्न आला. विधवेनं वडापाशी यायचं नाही, आणि कथा तर तीच वाचणार. तोडगा कमळाबाईनंच काढला: मामीनं वडाच्या मागच्या बाजूला बसावं. म्हणजे सवाष्णींना ती दिसणार नाही आणि आवाज ऐकू येईल. मला वाटलं मामी पोथी फेकून देईल. ती मुकाट्यानं मागे जाऊन बसली. एवढ्या बुंध्याआडून तिचा आवाज खणखणीत यायचा, आणि आम्ही सगळ्या हिरव्या बांगड्या घालून त्या आवाजाला हात जोडायचो. दरवर्षी कथा संपली की ती मागच्या मागे बांधावरून घरी जायची. वाणाचं फळ तिला कुणी दिलं नाही.

अशी काही वर्षं गेली. मग एका वर्षी यम सत्यवानाचा प्राण घेऊन निघाला, सावित्री मागोमाग निघाली, आणि आवाज थांबला. पान उलटत असेल असं वाटलं. तेवढ्यात मामी पोथी काखेत मारून झाडाला वळसा घालून सरळ आमच्यासमोर आली.

"मी चहा पेऊन येते," ती म्हणाली.

आणि खरंच घरी गेली. ओट्यावर, वडापासून सगळ्यांना दिसेल अशी बसली आणि बशीत ओतून, फुंकर घालून चहा पिऊ लागली. इकडे सगळ्यांचे उपास, डोक्यावर ऊन, हातात सूत. कथा अर्धी राहिली म्हणजे सगळ्यांचे सत्यवान मेलेलेच राहिले. एक नवी सून रडायलाच लागली. अखेर कमळाबाई गेली. मीही मागोमाग गेले, म्हणून पुढचं मी ऐकलं.

"वाच न गिरजा. कोनाच्या कुकवाशी काऊन खेळून राह्यली?"

"मले कोठी बसा लागते, थे सांग आधी."

"बस पुढं. पन वाच."

मामीनं बशी विसळून ठेवली, मग उठली. त्या दिवशी तिनं वडासमोर बसून, एकेक शब्द सावकाश उच्चारत सत्यवानाला उठवलं. मला वाटलं, जिंकली.

पुढच्या वर्षी सुनांनी फोनवर कथा लावली. फोनमधली बाई गोड आवाजात, अजिबात न अडखळता वाचत होती. मामीला बोलावणं गेलं नाही. ती ओट्यावर बसून ऐकत होती. मी जाऊन बसले तर म्हणाली, "लई घाईनं वाचते थे. यमाले जागा देत नाही."

दोन वर्षांनी कमळाबाईचा नवरा गेला. दिवस झाल्यावर ती मामीकडे आली, मोकळं कपाळ घेऊन, पुढच्या दारानं. मी स्वयंपाकघरात होते. मामी दारात उभी राहिली, बाजूला झाली नाही. "मांगून ये," ती म्हणाली, "मांगं सावली हाये." कमळाबाई घराला वळसा घालून मागच्या दारी आली आणि उंबऱ्यावर बसली. मामीनं तिला चहा दिला. त्यानंतर ती रोज दुपारी तशीच यायची, आणि मामीनं तिला कधीही पुढून घेतलं नाही. मी एकदा म्हटलं, पुरे झालं आता. "पुरं झालं थे मी सांगीन," मामी म्हणाली. तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

परवा घर आवरायला गेले. भांडी बांधली, खाट उन्हात टाकली, दोन्ही दारं सताड उघडली. दुपारी कमळाबाई आली, वळसा घालून, मागच्या उंबऱ्यावर बसली. मी म्हटलं, "कमळाबाई, आता घरात कोणी नाही. पुढून या."

तिनं आत पाहिलं, रिकाम्या खोलीत...

"थिनं कोठी म्हटलं तसं," ती म्हणाली, आणि बसून राहिली.