बीटा उतरेपर्यंत

मनीषा खुर्चीत बसली, बाही वर केली, मी तिच्या दंडाला रबरी पट्टा बांधला आणि ती उठून निघून गेली. पट्टा तसाच दंडावर. मी कलेक्शन रूमच्या दारात येऊन पाहिलं तर ती पॅसेज ओलांडून जिन्यापर्यंत पोचली होती. तिचा नवरा सोमनाथ दोघांच्या चपला हातात घेऊन तिच्यामागे.

मी नाशिकमधल्या एका मॅटर्निटी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त घेणं आणि तपासणं, दोन्ही माझ्याकडे. सुईला घाबरणारे रोज भेटतात. काहीजणी डोळे मिटतात, काही देवाचं नाव घेतात, एक पोलीस कॉन्स्टेबल बाई तर माझाच हात घट्ट धरून बसली होती. पट्टा घेऊन पळालेली ही पहिली.

आमच्या डॉक्टर मॅडमनी तिला गरोदरपणातल्या पहिल्या तपासण्या लिहून दिल्या होत्या. हिमोग्लोबिन, ब्लड ग्रुप, शुगर, थायरॉइड, कावीळ, एचआयव्ही. लोकांना वाटतं, प्रत्येक तपासणीला वेगळी सुई. तसं नसतं. सुई एकदाच टोचते, ट्यूब बदलत जातात. पण हे घाबरलेल्या माणसाला सांगून उपयोग नसतो.

मी मॅडमना इंटरकॉमवर सांगितलं, पेशंट गेली. मॅडम म्हणाल्या, आज नको असेल तर राहू दे, जबरदस्ती करू नकोस, पण तिच्याशी जरा बोल.

ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मीही बसले. तिनं आपणहून पट्टा सोडून माझ्या हातात दिला आणि सॉरी म्हणाली.

दिंडोरीकडची होती. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटी बघायची. एक्सपोर्टच्या मालात मण्यांचा आकार, रंग, साखर, डाग, सगळं तिच्या नजरेखालून जायचं. लग्नाला चार-पाच वर्षं झाली होती. घरी टेस्ट पॉझिटिव्ह आली तसे दोघं मोटारसायकलवर निघून आले होते, अजून कुणाला सांगितलंही नव्हतं.

भीती लहानपणची होती. शाळेत असताना तिला टायफॉइड झाला होता. अंगात पाणी कमी, शीर सापडेना. एकानं पाय धरले, एकानं खांदे, आईनं तोंड फिरवलं आणि दोन्ही हातांवर बराच वेळ टोचाटोची चालली. ती म्हणाली, "सुईचं एवढं नाय हो ताई. धरतात ना, त्याचं वाटतं. आई पण बघत नव्हती."

मी तिला म्हटलं, तुला कुणी धरणार नाही. तू थांब म्हणालीस की मी थांबेन, सुई आत असली तरी काढून घेईन. तिनं मला हे दोनदा विचारून घेतलं.

मग मी जे करायला हवं ते केलं. यात माझी काही करामत नाही, कुठल्याही टेक्निशियनला हे माहीत असतं, फक्त गर्दीत वेळ मिळत नाही. थंडीचे दिवस होते, तिचे हात गार पडले होते. गार हातात शिरा बारीक होतात. गरम पाण्याची पिशवी दिली. दोन ग्लास पाणी प्यायला लावलं. खुर्चीऐवजी कॉटवर झोपवलं, पायाखाली उशी. सुई बघून ज्यांना चक्कर येते त्यांचं बीपी एकदम उतरतं, म्हणून मांड्या आवळायच्या आणि सोडायच्या, आवळायच्या आणि सोडायच्या. हे तिला आधी करून दाखवलं. सुई बटरफ्लाय घेतली. ती बारीक असते, धरायला दोन पंख असतात आणि पुढे नळी असते, त्यामुळे हात जरा हलला तरी फार दुखत नाही.

आणि तिला म्हटलं, मला द्राक्षाचं सांग. मी नाशिकची असून मला द्राक्ष खाण्यापलीकडे काही कळत नाही.

ती छताकडे बघत सांगायला लागली. खरड छाटणी उन्हाळ्यात होते, गोडी छाटणी पावसाळ्यानंतर. मग फुटवे निघतात, ते विरळ करायचे. घड आला की डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचे, म्हणजे मणी फुगतात. मण्यात पाणी उतरलं की मग रात्रीच्या थंडीची काळजी, मण्याला चीर जाते. चीर गेलेला मणी आपण कसा ओळखतो हे ती सांगत होती तेव्हा मी कापूस दाबला आणि म्हटलं, झालं.

तिचा विश्वास बसेना. चारही ट्यूब हातात घेऊन बघितल्या. मग बाहेर जाऊन सोमनाथला म्हणाली, झालं. तो माझ्याकडे बघून नुसता हसला. फार कमी बोलणारा माणूस. सातपूरला एका कंपनीत फिटर होता.

इथपर्यंतची गोष्ट मी पुष्कळ जणांना सांगते. पुढची सांगत नाही.

सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी दिसली. मॅडमनी तिला सांगितलं की दिवस कमी असतील, एवढ्यात दिसत नाही कधी कधी. त्यासाठी बीटा करू. बीटा म्हणजे बीटा एचसीजी. गर्भ रुजायला लागला की हे हार्मोन रक्तात येतं. घरच्या टेस्टमध्ये दोन रेघा उमटतात त्या याच्यामुळे. रक्तातून त्याचा नेमका आकडा मिळतो. सुरुवातीला तो दर दोन दिवसांनी भराभर वाढायला हवा. म्हणून एकदा करून भागत नाही. एक आज, एक परवा, मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

म्हणजे आणखी सुया. ती आली. स्वतःच कॉटवर जाऊन झोपली, उशी पायाखाली घेतली. दोन दिवसांनी पुन्हा आली. सोमनाथ तेव्हा आत उभा होता. मला म्हणाला, ताई, ह्यातली एखादी माझ्यातून घेता आली असती तर बरं झालं असतं. ती कॉटवरून म्हणाली, तुम्ही आधी बाहेर जा, तुमच्याकडं बघून मला चक्कर येईल. त्या दिवशी आम्ही तिघंही हसलो होतो.

दुसरा आकडा वाढला होता, पण जेवढा वाढायला हवा तेवढा नाही. मॅडमनी तिसरा करायला सांगितला.

आमच्या कामात एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. रिपोर्ट सगळ्यात आधी आम्हाला दिसतो. डॉक्टरांच्या आधी, पेशंटच्या आधी. आणि आम्हाला तो सांगायची परवानगी नसते. ते बरोबरच आहे. एका आकड्यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरांचं काम.

तिसऱ्याच्या वेळी तिला दुरून परत यायला नको म्हणून मॅडमनी रिपोर्ट होईपर्यंत थांबायला सांगितलं होतं. मशीनवर आकडा आला. आदल्यापेक्षा किंचित जास्त. एवढं वाढणं म्हणजे न वाढल्यासारखंच. मी तो मॅडमच्या कॉम्प्युटरवर पाठवला आणि बाहेर आले, तर ती लॅबच्या दाराशीच उभी होती.

"वाढला का, ताई?"

मी म्हटलं, "रिपोर्ट मॅडम सांगतील."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाढला असता तर तुमच्या तोंडावर दिसलं असतं." आणि जाऊन बाकावर बसली. तिच्या दोन्ही बाजूंना पोट दिसायला लागलेल्या बायका होत्या. एकीनं तिला सरकून जागा दिली आणि कितवा महिना विचारलं. ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही.

पुन्हा सोनोग्राफी झाली. या वेळी उजव्या बीजवाहक नळीत छोटी गाठ दिसली. गर्भ पिशवीत न जाता वाटेत नळीतच रुजला होता. नळीत जागा नसते. वाढला तर नळी फुटते आणि आत रक्तस्राव होऊन बाईच्या जिवावर बेततं. लवकर कळलं होतं म्हणून ऑपरेशन टळणार होतं. एक इंजेक्शन असतं, त्यानं वाढ थांबते आणि शरीर ते हळूहळू जिरवून टाकतं.

मॅडम हे समजावत होत्या तेव्हा मी फाइल द्यायला आत गेले होते. मनीषा सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "तिथून काढून पिशवीत नाय का ठेवता येत?"

मॅडम चांगल्या डॉक्टर आहेत, खूप वर्षं हेच काम करतात. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "नाही गं. अजून तसं कुणालाच जमलेलं नाही."

इंजेक्शन कमरेत घेतलं. तेव्हा ती रडली नाही. नंतर सिस्टरनी काय करायचं, काय नाही ते सांगितलं. फॉलिक अॅसिडची गोळी बंद, कारण ती या औषधाच्या विरुद्ध जाते. ही गोळी आम्ही प्रत्येक गरोदर बाईला पहिल्या दिवसापासून देतो, बाळाच्या मेंदूसाठी आणि मणक्यासाठी. तिनं पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून सिस्टरच्या हातात दिलं आणि तेव्हा रडायला लागली.

आता लोकांना वाटतं, इथे तपासण्या संपल्या. तसं नसतं. इंजेक्शननंतर बीटा उतरतोय की नाही हे बघावं लागतं. काही दिवसांनी एक, आठवडाभरानं एक, मग दर आठवड्याला, आकडा पार शून्यावर येईपर्यंत. तोवर सोडता येत नाही, नळी फुटायची भीती राहतेच. म्हणजे जिनं बाळासाठी एवढ्या सुया सोसल्या तिला बाळ गेल्यावर त्याहून जास्त सुया.

इंजेक्शननंतरचा पहिला बीटा वाढलेला आला. हे पुष्कळदा होतं. औषधानं पेशी मोडतात आणि त्यातलं हार्मोन रक्तात येतं. मॅडमनी तिला हे आधीच सांगून ठेवलं होतं. तरी रिपोर्ट घेऊन ती माझ्याकडे आली आणि कागदावरच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, आज वाढलाय. मी तिला मॅडमनी सांगितलेलं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये. तरी बरं वाटलं."

मी तिला बाकावर बसवून चहा आणून दिला.

मग तो उतरायला लागला. पहिल्या बीटाच्या वेळीच त्यांनी घरी सांगितलं होतं. घरात सगळ्यांनी देव पाण्यात घातले होते, ती सांगायची, आधी वाढावा म्हणून आणि आता उतरावा म्हणून. सासू फोनवर विचारायची, उतरला का गं? तिला ते उत्तर द्यायला जड जायचं. एकदा म्हणाली, ताई, शून्य झाला म्हणजे मग काहीच नाय राहिलं ना.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून ती कॉटवर झोपेनाशी झाली. खुर्चीत बसायची, हात पुढे करायची, सुई आत जाताना बघायची. द्राक्षांचं मी एकदा विचारून पाहिलं, हंगाम कसा चाललाय म्हणून. बरा आहे म्हणाली. एवढ्या थोड्या दिवसांत इतकी मोठी भीती गेलेली मी पाहिली नव्हती. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मला याचा आनंद झाला असता.

सोमनाथ वर येईनासा झाला होता. खाली गाडीशी उभा राहायचा. लॅबच्या खिडकीतून दिसायचा. फडक्यानं गाडीचा आरसा पुसायचा, फडकं झटकायचा, पुन्हा पुसायचा. ती कधी त्याच्याबद्दल तक्रार करत नसे. फक्त एकदा म्हणाली, ह्यांना वर यायला नको वाटतं, सगळ्या पोटवाल्या बायका बसलेल्या असतात. मग मीच मॅडमना विचारलं आणि आम्ही तिला ओपीडी सुरू व्हायच्या आधी, मागच्या दारानं बोलवायला लागलो. तेवढं आम्हाला आधीच सुचायला हवं होतं.

बीटा शून्यावर आला तेव्हा उन्हाळा लागला होता. त्या दिवशी रिपोर्ट न्यायला ती आली नाही. सोमनाथ आला, पहिल्यांदाच एकटा. मॅडमना भेटला, मग लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. आता परत रक्त द्यायला यायचं नाही ना, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, आता संपलं.

तो जायला निघाला आणि थांबला.

"ताई, एक विचारू का? सगळ्यात जास्त होता तेव्हा किती होता?"

मी म्हटलं, त्याचा आता काही उपयोग नाही.

"उपयोगाचं नाय विचारत," तो म्हणाला. "आमचं तेवढंच होतं ना. किती होतं ते माहिती असावं."

मी कॉम्प्युटरवर जुने रिपोर्ट काढून त्याला आकडा सांगितला. इंजेक्शननंतरचा जास्तीचा आकडा मोडलेल्या पेशींचा होता, म्हणून त्याच्या आधीचा, शेवटचा. त्यानं तो स्वतःशी एकदा म्हटला, मान हलवली आणि जिना उतरून गेला.

मनीषा त्यानंतर पुन्हा आमच्याकडे आली का, असं कुणीही विचारेल. आली नाही. पुढच्या वेळी दुसरं हॉस्पिटल निवडलं असेल तर त्यात नवल नाही. मी तिच्या जागी असते तर हा जिना पुन्हा चढले नसते.

आता मी नव्या टेक्निशियन मुलींना शिकवते. शीर कशी शोधायची, ट्यूब कुठल्या क्रमानं भरायच्या, हे त्या कॉलेजातून शिकूनच येतात. मी एकच गोष्ट जास्तीची सांगते. पेशंटनं रिपोर्ट विचारला तर सांगायचा नाही, तो आपला अधिकार नाही. पण 'मॅडम सांगतील' एवढं बोलून आत निघून जायचं नाही. मॅडम बोलावेपर्यंत तिच्याशेजारी बाकावर बसायचं. मशीनला सँपल लावलेलं असेल तर ते थोडा वेळ थांबतं, मशीनचं काही बिघडत नाही.