न मागितलेलं इंजिन

शिरीष गेल्याचं मेधाने फोनवर सांगितलं तेव्हा मी लिमरिकमध्ये, ऑफिसच्या कार पार्कमध्ये, गाडीतच बसलो होतो. मार्चमधली दुपार होती. मेधा त्याची बायको, मलिंगारच्या रुग्णालयात डॉक्टर. तिने बातमी सांगावी तशी सांगितली. हृदय बंद पडलं, घरीच, जेवणाच्या आधी. मग म्हणाली, "गॅरेजमधला हीटर चालूच होता रे..."

त्याच्या महिनाभर आधी मी मलिंगारला त्यांच्या घरी गेलो होतो. जेवणं झाल्यावर तो नेहमीप्रमाणे मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे त्याची गाडी उभी होती. एकोणीसशे तीसच्या दशकातली अमेरिकी बनावटीची दोन दारांची कूपे, मडगार्ड काढलेली, छत चार बोटं खाली आणलेलं, रंग अजून न दिलेला. बॉनेटखाली काहीच नव्हतं. त्या रिकाम्या जागेत चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, दोन्ही बाजूंनी त्याने नुकतेच लोखंडी माउंट वेल्ड केले होते. इंजिन ज्यांच्यावर बसतं ते हे आधार. वेल्डिंग साफ होतं, वर प्रायमरचा हात दिलेला होता. "कशाच्या मापाचे?" मी विचारलं. "पॅकीच्या इंजिनाच्या," तो म्हणाला. "म्हणजे विचारलंस त्याला?" त्याने फडक्याला हात पुसले. "पुढच्या वेळी विचारतो."

शिरीष मूळचा पुण्याचा. आयर्लंडला एम.एस. करायला आला, मग बहुतेकांसारखा नोकरीला लागला आणि राहिला. त्याची कंपनी लिमरिकची, पण काम बरंचसं घरूनच चाले. आमची ओळख लिमरिकच्या गणपतीत झाली. आरती संपल्यावर बाकीचे प्रसादाच्या रांगेत होते, आणि हा गृहस्थ हॉलच्या जनरेटरपाशी उकिडवा बसून त्याचा आवाज ऐकत होता. "एक सिलिंडर पेट घेत नाहीये," एवढंच मला म्हणाला. गेला तेव्हाही तो पन्नाशीच्या अलीकडेच होता.

हॉट रॉडचं वेड त्याला इथे आल्यावर लागलं. महायुद्धानंतर अमेरिकेतल्या पोरांनी जुन्या, स्वस्त गाड्या घेतल्या, अनावश्यक ते सगळं उतरवलं आणि मोठी इंजिनं बसवली, त्या या गाड्या. पारंपरिक पद्धतीने बांधायची तर नियम एकच, त्या पोरांना त्या काळात जे मिळू शकलं असतं तेच वापरायचं. त्यामुळे सगळा प्रश्न इंजिनाचा. शिरीषसमोर दोन पर्याय होते. एक, नंतरच्या पिढीचं आठ सिलिंडरचं इंजिन. ताकद भरपूर, सुटे भाग कुठेही मिळतात. लिमरिकमधल्याच एका माणसाकडे तसं एक दुरुस्त करून स्टँडवर ठेवलेलं होतं, आणि तो ते द्यायला तयार होता. दुसरं, गाडीच्याच वयाचं फ्लॅटहेड. त्याच्या झडपा बाजूला, ब्लॉकमध्येच असतात आणि वरचं झाकण सपाट असतं, म्हणून हे नाव. ताकद कमी, तापतं लवकर, तेल गळतं. शिरीषला फ्लॅटहेडच हवं होतं. "पहिलं बसवलं तर गाडी पळेल," तो म्हणायचा. "पण मग ती ही गाडी राहणार नाही."

ते त्याला स्लायगोच्या पलीकडे सापडलं. चाकांची जुनी जोडी बघायला गेला होता. रस्ता चुकला आणि एका शेताच्या अंगणातून आवाज ऐकू आला. तिथे शेडमध्ये एका जुन्या लॉरीचं फ्लॅटहेड जमिनीवर पक्कं बसवलेलं होतं, आणि पट्ट्याने जोडलेली गोल करवत त्याच्या जोरावर सरपण कापत होती. करवतीमागे पॅकी उभा होता. वय ऐंशीच्या पुढे, बायको कधीच गेलेली, मुलं नाहीत. त्याने इंजिन बंद केलं, रस्ता सांगितला आणि चहाला आत बोलावलं. शिरीषने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा आत गेला. आपल्याकडेही तसंच करतात.

त्यानंतर तो दर काही आठवड्यांनी तिकडे जाऊ लागला. कारण लागायचं म्हणून मेधा डबा द्यायची, कधी चकल्या, कधी थालीपीठ. पॅकी ती चहाबरोबर खायचा, आणि डबा परत येताना त्यात अंडी असत. रिकामा डबा परत करायचा नाही हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. एका दिवाळीनंतर मीही सोबत गेलो होतो. गाडीत मागे शिरीषची मुलगी, ईरा. ती इथेच वाढली, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते.

"आज विचारतोच," शिरीष म्हणाला.

"यू सेड दॅट लास्ट टाइम, बाबा. जस्ट आस्क हिम."

"असं एकदम विचारत नाहीत."

"व्हाय नॉट?"

"तुला नाही कळणार."

ईराने खिडकीबाहेर बघत म्हटलं, "ग्रँड सो." या देशात या शब्दाने कुठलाही वाद मिटतो.

स्वयंपाकघरात आम्ही तासभर बसलो. पाऊस, गुरांचा बाजार, शेजाऱ्याने हलवलेलं कुंपण, सगळ्यावर बोलणं झालं. पॅकीचं बोलणं मी इथे मराठीतच देतो. तो मला म्हणाला, "हा तुझा मित्र सगळ्या आयर्लंडमधला एकटाच माणूस आहे, जो माझी चकली संपेपर्यंत थांबतो." मग आम्हाला शेडमध्ये नेलं आणि इंजिन सुरू केलं. आधी खोकल्यासारखं, मग जड, सलग, पोटात जाणवणारा आवाज. खाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर तेलाचा डाग होता. शिरीषने तो दाखवला तर पॅकी म्हणाला, "गळतंय तोवर आत काहीतरी आहे. थांबलं की सांग." दोन ओंडके कापून झाल्यावर त्याने शिरीषकडे पाहिलं. "बरं चालतंय ना?" शिरीषचा हात इंजिनापासून वीतभर अंतरावर होता. "ग्रँड," तो म्हणाला. त्या दिवशी एवढंच झालं.

परतताना मी विचारलं, अडचण काय आहे. तो म्हणाला, "एकटा म्हातारा माणूस. त्याची लाकडं कशावर कापणार? मागितलं तर तो नाही म्हणणार नाही, तीच पंचाईत आहे." मी सुचवलं, त्याला विजेची करवत घेऊन दे. "म्हणजे तुझं इंजिन मला हवंय, असंच सांगितल्यासारखं झालं. इतक्या दिवसांचा चहा मग त्यासाठीच होता, असं नाही का वाटणार?" आणि थोड्या वेळाने, "घाई काय आहे?"

त्या वाक्यामागचा हिशेब आम्हा दोघांनाही कळत होता. पॅकी ऐंशीच्या पुढचा होता. कधीतरी शेड रिकामी होईल, कुणी नातेवाईक सामान काढेल, तेव्हा रीतसर विचारता येईल. हे कुणी उच्चारलं नाही. लिमरिकचं इंजिन दरम्यान दुसऱ्या कुणीतरी नेलं. शिरीषला ते कळलं तेव्हा तो फक्त बरं म्हणाला.

अंत्यसंस्काराला पॅकी आला. इथे ओळख थोडी असली तरी लोक येतात, रांगेत उभे राहून हात हातात घेतात. काळा सूट, नीट विंचरलेले केस. मेधाचा हात धरून तो इथल्या रीतीचं एक वाक्य बोलला आणि दुसऱ्या हातातली पिशवी तिला दिली. आत तिचा डबा होता, धुतलेला, आणि त्यात अंडी. त्याच्याकडे राहिलेला शेवटचा.

नंतर घरी त्याने गाडी बघायची इच्छा दाखवली. ईरा आणि मी त्याला गॅरेजमध्ये घेऊन गेलो. गाडी बांधतोय एवढं शिरीषने त्याला सांगितलेलं होतं, कुठली ते नाही. पॅकी बॉनेटच्या जागेपाशी वाकला. एका माउंटवर हात ठेवला, मग दुसऱ्यावर, आणि दोन हातांमधलं अंतर बघत तसाच उभा राहिला.

"हे माझ्या इंजिनाचे आहेत," तो म्हणाला.

"ही थॉट यू नीडेड इट," ईरा म्हणाली. "फॉर द वुड."

पॅकीने नकारार्थी मान हलवली. शिरीषच्या पहिल्या भेटीनंतर थोड्याच दिवसांत पुतण्याने त्याला विजेची करवत आणून दिली होती. लाकडं तिच्यावरच कापली जात. "इंजिन मी तो आला की सुरू करायचो. त्याला ऐकायला आवडायचं म्हणून." त्याने पुन्हा माउंटवर हात ठेवला. "मागितलं असतं तर त्याच दिवशी दिलं असतं. त्याच्या मनात आहे, असं मला एकदोनदा वाटलंही होतं... पण इंजिन गेल्यावर तो कशाला आला असता?"

ईरा तेव्हा रडली. अंत्यसंस्कारात रडली नव्हती.

एप्रिलमध्ये एका शनिवारी पॅकी आणि त्याचा पुतण्या ट्रेलर घेऊन मलिंगारला आले. आधी फोन नव्हता. इंजिन जाड फळ्यांवर बांधलेलं होतं. मेधाने मला नंतर सांगितलं, तिला ते नको होतं. गाडी आता कोण पूर्ण करणार, आणि पॅकीची शेड उगाच गप्प होणार, हे तिला तिथेच दिसत होतं. पण इतक्या लांबून आणलेलं परत न्या असं म्हणवेना. तिने चहा केला. तोवर त्यांनी इंजिन आत उतरवलं. जाताना तिने डबा भरून दिला.

मागच्या आठवड्यात मी तिकडे होतो. गॅरेजमध्ये गाडी आहे तशीच आहे, आणि तिच्यासमोर, हात पुरेल एवढ्या अंतरावर, फळ्यांवर ते इंजिन. मी टेप लावून पाहिला. माउंटचं माप बरोबर आहे. बसवायला माणूस शोधू का, असं मी मेधाला विचारलं. ती म्हणाली, "बघू. घाई काय आहे?" आणि बोलल्यावर तिचं तिलाच ऐकू आलं असावं, कारण ती वळून कपाटातून एक नवा पुठ्ठा घेऊन आली. खाली वाकून इंजिनाखालचा जुना ओढून काढला, त्यावरचा तेलाचा डाग उजेडात धरून पाहिला. रुपयाएवढा होता. नवा पुठ्ठा तिने इंजिनाखाली नीट सरकवला, चारी कडा हाताने सारख्या केल्या, आणि आम्ही दिवा बंद केला.