रंगूबाईची सोमवारची भगर

मी शिकवते त्या निफाडकडच्या शाळेत रंगूबाई पोषण आहार शिजवते. कागदावर ती मदतनीस आहे, पण मुख्याध्यापक बुद्धभूषण सरसुद्धा तिला विचारल्याशिवाय जेवणाची घंटा देत नाहीत. शिकली चौथी. अक्कल मात्र भरपूर, आणि ती लपवून ठेवायची सवय अजिबात नाही.

सरकारचा नियम असा, की दर सोमवारी मोठ्या मुलींना लोहाची निळी गोळी द्यायची. चांगलाच नियम आहे. पण श्रावणात सोमवारी शाळा अर्धी, जेवणाआधीच सुटते. सरांनी प्रार्थना झाल्याझाल्या गोळ्या वाटल्या. चार मुली ओकल्या.

मंगळवारी त्यांच्यातल्या दिशाची आई भाग्यश्री शाळेत उभी. दिशा सातवीत, हिमोग्लोबिन जेमतेम साडेसात. प्रार्थनेला उभी राहिली की मटकन खाली बसायची. गोळी सगळ्यात जास्त गरजेची तिलाच.

"माझ्या पोरीला गोळी नको. लिहून देते!"

"अगं बाई, काल पोरीनं खाल्लं काय होतं?" रंगूबाईनं विचारलं.

"काय खाणार? सोमवार व्हता. उपास."

रंगूबाई सरांकडे वळली. "ऐकलं का सर? पोरी उपाशी, अन् तुम्ही गोळ्या वाटल्या."

"आदेशात सोमवारच लिहिलाय, मावशी."

"अन् उपाशीपोटी द्या, असं लिहिलंय?"

सरांनी कागद काढला. जेवणानंतर, असं ठळक छापलेलं. माणसं वार वाचतात आणि पुढची ओळ सोडतात. पदव्यांकडेही याला काही इलाज नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

"मग पुढल्या सोमवारी आधी उपासाची भगर, मग गोळी," रंगूबाई म्हणाली.

"पण भगर आपल्या आहाराच्या तक्त्यात नाही," सर पुटपुटले.

"तक्ता राहू द्या भिंतीवर. चूल माझ्याकडं हाय."

पुढच्या सोमवारी साडेदहालाच भगर आणि शेंगदाण्याची आमटी तयार. भाग्यश्री दारात हाताची घडी घालून उभी. रंगूबाईनं तिच्याही हातात ताटली दिली.

"तुझाही उपास ना? बस. पोरीवर लक्ष ठेवायला ताकद लागंल."

दिशा जेवली, गोळी गिळली. भाग्यश्री तासभर तिच्या तोंडाकडे बघत बसली. पोरीला काही झालं नाही. उलट ती कंटाळून मैदानात पळाली.

भाग्यश्री उठली, ताटली धुतली.

"दर सोमवारी द्या गोळी. पण आमटी मी करून आणीन. तुमची लय पातळ हाय, मावशी."

"आण की," रंगूबाई म्हणाली. "तीस पोरी हायेत. पातेलं मोठं घे."